पुस्तकांच्या यादीमागचे अपघात

मागच्या महिन्यात मंडळाचा वाचनकट्टा संपल्यावर रिकामे डबे पिशवीत भरता भरता एका मैत्रिणीनं मला विचारलं, "तू यंत्रांचा इतिहास लिहितेस ना? मग मला यूएक्स शिकायला पुस्तकं सांग. तीनच सांग. त्याहून जास्त वाचायला मला वेळ नाही."

ही मैत्रीण नाशकात अकरा वर्षं फार्मासिस्ट होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आली. इथे पुन्हा औषधांच्या काउंटरमागे उभं राहायचं तर आणखी शिक्षण, आणखी प्रशिक्षण, आणखी परीक्षा. म्हणजे किमान दोन वर्षं आणि बराच पैसा. म्हणून तिनं दिशा बदलायची ठरवली. यूएक्सचा, म्हणजे ॲप आणि वेबसाइट माणसांना सहज वापरता येतील अशा कशा घडवायच्या हे शिकवणारा, बारा आठवड्यांचा कोर्स तिनं हेरून ठेवला होता. त्याची फी ऐकून मी गप्प बसले. परदेशात राहणाऱ्या तुमच्या ओळखीतही अशी एखादी असेलच: हातात चांगली पदवी, मागे चांगली नोकरी, आणि इथे पुन्हा पहिलीपासून गिरवायची पाटी.

घरी येऊन मी एका पाकिटाच्या मागे नावं लिहायला बसले. तीनवर थांबणं जमलं नाही, अकरापर्यंत गेले. मग यादीकडे बघताना एक गोष्ट ध्यानात आली. यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या मुळाशी कुणीतरी चुकलेला माणूस आहे. निदान त्याला तसं सांगितलं गेलं होतं. नुसती नावं देण्यापेक्षा ती हकीकत सांगावी असं मला वाटलं. तिला सांगितली तशीच तुम्हालाही सांगते.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून सुखरूप परत यायची, धावपट्टीवर व्यवस्थित उतरायची, आणि मग जमिनीवर असतानाच पायलट चाकं आत ओढून घ्यायचा. विमान पोटावर बसायचं. चौकशीत कारण लिहिलं जायचं 'पायलटची चूक'. १९४३ साली ओहायोतल्या डेटनजवळच्या राइट फील्डवर अल्फॉन्स चपॅनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्यानं कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं. चाकांचा स्विच आणि पंखांवरच्या फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी होते आणि दिसायला, हाताला अगदी एकसारखे होते. उतरल्यावर फ्लॅप वर घ्यायचे असतात. मोहिमेवरून थकून आलेला पायलट हात पुढे करायचा आणि शेजारचा स्विच ओढायचा. त्याच युद्धात सी-४७ या मालवाहू विमानाच्या पायलटांकडून ही चूक होत नव्हती, कारण तिथे या दोन गोष्टी अशा एकमेकींना खेटून नव्हत्या. चपॅनिसनं उपाय केला तो चार आण्यांचा: चाकांच्या स्विचला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. आता न बघताही हाताला कळायचं. आजही विमानात चाकांचा दांडा चाकाच्या आकाराचाच असतो.

हे सांगत असताना मैत्रीण मध्येच म्हणाली, "अगं, हे तर आमच्याकडे रोजचं." एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, फक्त मिलिग्रॅमचा आकडा वेगळा असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या ती दुकानात मुद्दाम दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवायची, आणि जास्त ताकदीच्या पट्टीभोवती लाल रबरबँड गुंडाळायची. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. एकदा चुकता चुकता राहिली होती, तेव्हापासून. मी तिला म्हटलं, की मग कोर्सचा पहिला आठवडा तुझा झालाच आहे. तिला ती थट्टा वाटली.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी त्याच प्रयोगशाळेतून एक अहवाल काढला. कॉकपिटमधली दांडे-बटणं वापरताना झालेल्या ४६० चुकांचे अनुभव त्यांनी पायलटांकडून गोळा केले होते. त्यातल्या जवळपास निम्म्या चुका एका प्रकारच्या होत्या: एक दांडा समजून दुसराच ओढला. वेगवेगळ्या विमानांत इंजिनाच्या दांड्यांचा क्रमच वेगळा होता. म्हणजे एका विमानात अंगवळणी पडलेली सवय दुसऱ्या विमानात घात करायची. या अहवालाच्या शीर्षकात 'पायलट-एरर' हा शब्द त्यांनी अवतरणचिन्हांत घातला आहे. मला हा संपूर्ण विषय त्या दोन चिन्हांत सामावलेला दिसतो. चूक झाली हे मान्य, पण ती कुणाच्या खात्यावर मांडायची हे अजून ठरायचं आहे, असं ती चिन्हं सांगतात.

यातूनच १९४९ मध्ये चपॅनिस, गार्नर आणि मॉर्गन यांचं 'अप्लाइड एक्स्पेरिमेंटल सायकॉलॉजी' हे या क्षेत्रातलं पहिलं पाठ्यपुस्तक आलं. ते विकत घेऊ नका. ग्रंथालयात मिळालं तर अर्धा तास चाळा: डायल कसे असावेत, अक्षरं केवढी असावीत, किती आवाजात काय ऐकू येतं, सगळे आलेखच आलेख. ज्याला आज इंटरफेस म्हणतात त्याची बाराखडी तिथे आहे, तीही संगणकाचा पडदा घरोघरी यायच्या कितीतरी आधीची.

वाचायला मजा येईल असं या काळातलं पुस्तक हवं असेल तर हेन्री ड्रायफसचं 'डिझायनिंग फॉर पीपल', १९५५ चं. हा गृहस्थ अमेरिकेतल्या बेल कंपनीचे टेलिफोन, ट्रॅक्टर, घरातले थर्मोस्टॅट असं बरंच काही घडवणारा. त्याच्या कार्यालयात दोन काल्पनिक माणसं भिंतीवर राहायची: जो आणि जोसेफिन. त्यांची उंची, हाताची पोच, मान किती वळते, पाय कुठवर जातो, सगळं मोजून रेखाटलेलं. यंत्र आधी बनवून माणसाला त्यात कोंबायचं नाही, माणूस मोजून मग यंत्र बनवायचं, हा त्याचा हट्ट. हट्ट उत्तम, पण जो आणि जोसेफिन अमेरिकन होते. चार फूट अकरा इंचांची माझी आई त्या भिंतीवर कुठेच नव्हती.

नेमक्या त्याच दशकात भारताशी संबंध असलेला एक मजकूर लिहिला गेला, आणि मी तो यादीत आवर्जून घातला. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली ती त्याच्या आधारावर. या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं आहे ते एका लोट्याचं. आपला तांब्या म्हणा ना. तो किती पाणी धरतो, डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, तळव्यात कसा बसतो, कुणाला द्यायला कसा वाटतो, असे प्रश्नांमागून प्रश्न. आणि मग म्हणणं हे, की हा कुणा एकानं घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी घासून घासून घडवला. ड्रायफसनं माणूस फुटपट्टीनं मोजला, ईम्स दांपत्यानं वापर निरखला. आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून ऊर भरून येऊ द्या हवं तर; पण अहवाल वाचायचा तो त्यातल्या प्रश्नांसाठी. एखाद्या ॲपमधल्या बटणाला हेच प्रश्न विचारून बघा.

आता संगणकाकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून, पार्कमधून, १९८० च्या दशकात दोन पुस्तकं आली, जी एकमेकांशी भांडतात. पहिलं १९८३ चं, स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ ह्यूमन-कंप्युटर इंटरॅक्शन'. त्यात माणूस हाही जणू एक प्रोसेसर आहे. कळ दाबायला इतका वेळ, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला इतका, आणि पुढचं पाऊल मनात जुळवायला १.३५ सेकंद. हे सगळं जोडलं की एखादं काम सरावलेल्या माणसाला किती वेळ घेईल ते आधीच सांगता येतं. हसू नका, ते बऱ्यापैकी बरोबर येतं. पण त्यात एक अट आहे: माणूस सरावलेला हवा आणि त्यानं चुकता कामा नये.

दुसरं पुस्तक ल्युसी सकमन यांचं, १९८७ चं 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स'. सकमन मानववंशशास्त्राच्या, बर्कलीच्या विद्यार्थिनी म्हणून पार्कमध्ये आलेल्या. झेरॉक्सचं एक नवं फोटोकॉपी यंत्र बाजारात आलं होतं आणि ते फार किचकट आहे अशा तक्रारी येत होत्या. जाहिरातीत मात्र हिरवं बटण दाबलं की झालं, असं सांगितलं जात होतं. सकमन यांनी ते यंत्र संशोधन केंद्रातच ठेवून घेतलं, कॅमेरा लावला आणि माणसांना जोडीजोडीनं प्रती काढायला बसवलं. त्यातल्या एका चित्रफितीत दोन माणसं यंत्रासमोर हतबल होऊन उभी आहेत. दोघांतला एक भाषाशास्त्राचा संगणकतज्ज्ञ रॉन कॅप्लन आणि दुसरा, होय, तोच ॲलन न्यूएल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, वर सांगितलेल्या पुस्तकाचा सहलेखक. त्याला झेरॉक्स काढता येईना. मला हा प्रसंग शिकवायला फार आवडतो, कारण वर्गातला प्रत्येक जण तो ऐकून खुर्चीत जरा सैल बसतो.

पण पुस्तकाचं महत्त्व या गमतीत नाही. सकमन यांनी संभाषणं आणि हालचाली चार रकान्यांत लिहून काढल्या. माणसं करतात आणि यंत्राला अजिबात कळत नाही, ते पहिल्या रकान्यात. यंत्राला कळतं ते दुसऱ्यात. यंत्र माणसाला काय दाखवतं ते तिसऱ्यात. आणि यंत्र बनवणाऱ्याच्या मनात त्यामागे काय हेतू होता ते चौथ्यात. पहिला रकाना ओसंडून वाहतो: "हे बघ, इथे काय म्हणतंय", "नाही, मगाशी तसंच केलं होतं", डोकं खाजवणं, एकमेकांकडे बघणं. दुसऱ्यात अधूनमधून एखादी नोंद: झाकण उघडलं, बटण दाबलं. यंत्र एका फटीतून बघतं आणि तरी सूचना देतं. पुस्तक अवघड आहे, हे मी तिला आधीच सांगितलं. पहिली प्रकरणं तात्त्विक आहेत, ती नंतर वाचली तरी चालतील. त्या चार रकान्यांपासून सुरुवात करा. एक कागद घ्या, रकाने आखा, आणि घरातल्या कुणाला तरी फोनवर एखादं काम करताना शेजारी बसून नुसतं बघा. मदत करायची नाही. हे फार कठीण असतं, विशेषतः समोर आपले आईवडील असतील तर.

वडिलांचं निघालंच आहे तर सांगते. माझे बाबा साताऱ्याला असतात. शाळेत गणित शिकवायचे, आता पंचाहत्तरीत आहेत. आई-बाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता ते दरवर्षी स्वतः भरतात. मी भरते म्हटलं तर चिडतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो पहिल्यांदा फोनवरच्या ॲपमधून भरला. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली, शेजारी 'विनंती स्वीकारली'. बाबांनी वहीत तारीख लिहिली आणि फोन ठेवला. पुढे आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कागद दिले तेव्हा कळलं, की पैसे गेलेच नव्हते. विनंती स्वीकारली होती, हप्ता नाही. सवलतीचे दिवसही उलटून गेले होते. इतक्या वर्षांची पॉलिसी बंद पडली होती. नवी घेतली तर मोतीबिंदूसाठी पुन्हा थांबण्याचा काळ सुरू. शस्त्रक्रिया पदरचे पैसे घालून केली. पैशांचं जाऊ दे. पण बाबा फोनवर मला म्हणाले ते अजून कानात आहे. "माझीच चूक गं. नीट वाचायला हवं होतं." आयुष्यभर मुलांना पायऱ्या लिहून दाखवा म्हणणारा माणूस, आणि ज्या पडद्यानं एक पायरी गाळली त्याच्या वतीनं तोच माफी मागत होता.

आता २८ मार्च १९७९ ची पहाट बघा. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दुसऱ्या अणुभट्टीची दाब सोडणारी एक झडप उघडली आणि बंद होताना अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षात तिच्यासाठी एक दिवा होता. तो विझला, म्हणून कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असं धरलं. प्रत्यक्षात त्या दिव्याला झडपेचं काही कळतच नव्हतं. बंद हो असा हुकूम सुटला की तो विझायचा. हुकूम पाळला गेला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. दोन तासांहून जास्त वेळ थंड ठेवणारं पाणी त्या झडपेतून वाहून जात राहिलं, शेकडो धोक्याचे इशारे वाजत राहिले, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. आधी दोष कर्मचाऱ्यांवर आला. बाबांची हिरवी खूण आणि तो विझलेला दिवा, दोन्हींत मला काडीचाही फरक दिसत नाही. दोन्ही फक्त एवढंच सांगत होते, की निरोप निघाला.

या अपघाताच्या चौकशीत ज्या मानसशास्त्रज्ञांना बोलावलं गेलं त्यांत सॅन डिएगोचे डोनाल्ड नॉर्मन होते. कर्मचारी इतके का चुकले हे शोधायला गेले आणि हा नियंत्रण कक्षच माणसाला चुकायला लावणारा आहे, असं मत घेऊन परतले. पुढे १९८८ मध्ये त्यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' आलं. तुम्हाला एकच पुस्तक वाचायचं असेल तर हेच. दारं, गॅसच्या शेगड्या, नळ, दिव्यांची बटणं अशा साध्या वस्तूंतून ते दाखवतात, की वस्तू नीट चालली नाही तर माणूस स्वतःलाच बोल लावतो, आणि जो तो एकट्यानंच बोल लावून घेत असल्यामुळे वस्तू बनवणाऱ्यापर्यंत ते पोचतच नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांना यात एक खास मौज आहे. या पुस्तकाचे पहिले खर्डे केंब्रिजमध्ये लिहिले गेले. इथल्या दारांशी, दिव्यांशी आणि नळांशी झगडताना नॉर्मन यांना ते सुचलं. एकाच बेसिनला दोन नळ, एकातून चटका, दुसऱ्यातून गारठा, आणि मधे हात धुणारे आपण! पहिल्या दिवशी न्हाणीघरात दिव्याचं बटण शोधून शोधून दमल्यावर छतातून लोंबणारी दोरी दिसली, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांचा असेल. मी तर ती दोरी मदतीची घंटा समजून तीन दिवस अंधारात आंघोळ केली.

नंतरच्या आवृत्तीत पुस्तकाच्या नावातलं 'सायकॉलॉजी' जाऊन 'डिझाइन' आलं, कारण दुकानदार ते मानसशास्त्राच्या फळीवर ठेवायचे आणि ज्यांनी वाचायला हवं ते त्या फळीकडे फिरकायचे नाहीत. पुस्तकाच्या नावानंच वाचकाला चुकीच्या दाराशी नेलं. नॉर्मन यांनी ही फजिती कबूल केली आहे. वाचताना २०१३ ची सुधारित आवृत्ती घ्या. जुन्या आवृत्तीतून त्यांनी डिझाइनवाल्यांच्या तोंडी 'अफॉर्डन्स' हा शब्द बसवला होता. तो मूळचा जेम्स गिब्सन यांचा: एखादी वस्तू एखाद्या प्राण्याला काय करू देते, ते. खुर्ची बसू देते, कठडा टेकू देतो. पण लोक पडद्यावरच्या प्रत्येक बटणालाच अफॉर्डन्स म्हणू लागले. म्हणून नव्या आवृत्तीत नॉर्मन यांनी 'सिग्निफायर' हा शब्द वेगळा काढला. दार ढकलता येणं ही एक गोष्ट, आणि ते ढकलायचं आहे हे कळणं ही दुसरी. कोर्सच्या परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

फार्मासिस्ट मैत्रिणीसाठी मी यादीत आणखी एक घातलं: नॅन्सी लेव्हसन यांचं 'सेफवेअर', १९९५ चं, आणि तेही फक्त थेरॅक-२५ वरचं परिशिष्ट. हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. टेक्ससमधल्या एका घटनेत यंत्र चालवणारीनं किरणांच्या प्रकारासाठी चुकून 'एक्स' टाइप केलं, लगेच वर जाऊन 'ई' असं दुरुस्त केलं. ती इतकी सरावलेली होती, की यंत्राच्या आतली जुळवाजुळव पूर्ण होण्याआधीच तिची दुरुस्ती झाली होती. पडद्यावर सगळं ठीक, आत नाही. मग पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४' एवढंच उमटलं. त्याचा अर्थ काय, ते तिच्या हाताशी असलेल्या पुस्तिकेत नीट दिलेलं नव्हतं. असे निरर्थक इशारे रोजच यायचे, म्हणून तिनं पुढे चालू ठेवायची कळ दाबली. कार्ड-मोरान-न्यूएल यांच्या पुस्तकातला सरावलेला, भराभर टाइप करणारा माणूस आठवा. ती हीच होती. हे परिशिष्ट वाचून मैत्रिणीनं रात्री अकराला मला निरोप पाठवला: "झोप उडाली. आमच्याकडे सॉफ्टवेअर कुठलाही इशारा आला की आम्ही ओके दाबायचो."

नव्वदीनंतरची पुस्तकं तुम्हाला कुठल्याही यादीत सापडतील, म्हणून भरभर सांगते. १९९३ मध्ये नॉर्मन ॲपलमध्ये गेले आणि त्यांच्या पदनामात 'यूझर एक्स्पिरियन्स' हे शब्द आले. तिथून ते सगळीकडे पसरले. त्याच वर्षीचं जेकब नील्सन यांचं 'यूझॅबिलिटी इंजिनिअरिंग' कामाचं आहे, खर्च परवडेल अशा चाचण्या कशा घ्यायच्या ते सांगणारं. पाच जणांवर चाचणी घेतली तर सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात हा सगळ्यांना पाठ असलेला हिशेब नील्सन यांचाच. फक्त पाच कोण, हे विचारायला लोक विसरतात. कार्यालयातले शेजारच्या टेबलावरचे पाच पंचविशीतले इंजिनिअर घेतले तर तो हिशेब माझ्या बाबांना काय कामाचा? ॲलन कूपर यांच्या 'दि इनमेट्स आर रनिंग दि असायलम'मधून पर्सोना आले, म्हणजे ज्याच्यासाठी बनवायचं त्या माणसाचं नावगाव असलेलं कल्पित चित्र. जो-जोसेफिनची ही नातवंडंच. कुणालाही न भेटता रचलेले पर्सोना म्हणजे कादंबरी, आणि बहुतेक वेळा वाईट कादंबरी. जेसी जेम्स गॅरेट यांचं 'दि एलिमेंट्स ऑफ यूझर एक्स्पिरियन्स' नीटनेटकं आहे, मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचावं. स्टीव्ह क्रुग यांचं २००० सालचं 'डोन्ट मेक मी थिंक' मुद्दाम एका विमानप्रवासात संपेल इतकं लहान लिहिलं आहे. पुणे-मुंबई रेल्वेच्या प्रवासातही संपेल, आणि हसवतं. ते घ्याच.

मधल्या एका धाग्याकडे मात्र यादीवाले बहुधा बघत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये कामगार संघटनांनी संगणकतज्ज्ञांना सांगितलं, की आमच्या कामाची यंत्रं आम्हाला विचारून बनवा. १९८१ मध्ये सुरू झालेल्या युटोपिया प्रकल्पात छापखान्यातल्या कामगारांबरोबर बसून पुठ्ठ्याचे संगणक बनवले गेले. लेझर प्रिंटर म्हणून रिकामं खोकं. पण त्या खोक्याभोवती कामगार उभे राहून सांगू शकत होते, इथे मला वाकावं लागेल, इथे मला पान पूर्ण दिसायला हवं. पेल्ले एन यांचं 'वर्क-ओरिएंटेड डिझाइन ऑफ कंप्युटर आर्टिफॅक्ट्स', १९८८ चं, त्यावरचं आहे. जाड आहे, मार्क्स आणि विट्गेन्स्टाइन यांच्याबरोबर बराच वेळ चहा पीत बसतं. छापखान्याची प्रकरणं तेवढी वाचा. चपॅनिसला पायलट मोजायचे होते, सकमनना माणसं बघायची होती. इथे पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या हातात कात्री दिली गेली.

आपल्या लिपीच्या बाबतीत हा प्रश्न अगदी बोटांवर येतो. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं आणलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि 'क'च्या कळीवरच शिफ्ट दाबून 'ख' अशी वर्णमालेची रचना आहे. तर्क देखणा. आणि तरी तुम्ही-मी रोमन अक्षरांत मराठी बडवत राहिलो, कारण समोरच्या कळांवर देवनागरी छापलेलीच नसायची. कळ होती, खूण नव्हती. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रातून पुढे 'स्वरचक्र' हा फोनवरचा कीबोर्ड आला: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी गोल उलगडते, हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवायचं. पहिल्यांदा वापरताना बाबा म्हणाले, "हे शाळेतल्यासारखं आहे." ते कौतुक होतं.

शेवटचं पुस्तक मी जरा बिचकतच सुचवलं. नताशा डाऊ शुल यांचं 'ॲडिक्शन बाय डिझाइन', २०१२ चं. लास व्हेगासमधल्या जुगाराच्या यंत्रांवर. माणसाचा हात कुठे टेकतो, नजर कुठे जाते, पाठ केव्हा दुखते, याचं चपॅनिस-ड्रायफस यांच्यापासून जमलेलं ज्ञान तिथे पूर्ण वापरलं आहे, माणूस खुर्चीवरून उठू नये म्हणून. २०१४ च्या नीर एयाल यांच्या 'हुक्ड'मध्ये ॲपची सवय कशी लावायची ते उत्साहानं शिकवलं आहे. विचलित न होता कसं जगावं हे सांगणारं पुस्तकही त्यांनीच पाच वर्षांनी लिहिलं, यावर मी काही बोलत नाही. फसव्या पडद्यांना २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव देणाऱ्या हॅरी ब्रिग्नल यांचं 'डिसेप्टिव्ह पॅटर्न्स' २०२३ मध्ये आलं. वर्गणी घ्यायला एक कळ आणि थांबवायला सात पडदे, हे अनुभव तुम्हाला नवे नाहीत. इथे चुकलेला माणूस हा अपघात राहिलेला नाही, तो धंद्याचा भाग आहे. मैत्रिणीला मी म्हटलं, की नोकरी लागल्यावर कधीतरी तुला असला एखादा पडदा काढायला सांगतील. ती म्हणाली, "औषधाच्या दुकानातही सांगतात, महागडी कंपनी पुढे कर म्हणून."

तर तिची तीन पुस्तकं: नॉर्मन, क्रुग आणि सकमनचे चार रकाने. ईम्सचा अहवाल छोटा आहे म्हणून मोजला नाही. कोर्सची फी तिनं शेवटी भरली, हप्त्यांनी. पुस्तकं कामाबद्दलचं डोकं देतात, पण नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला हातचं काम लागतं आणि ते करवून घेणारं कुणीतरी लागतं. त्यामुळे मी तिला अडवलं नाही.

पहिल्याच प्रकल्पासाठी तिनं विम्याचा हप्ता भरण्याचे पडदे निवडले आणि पाच माणसं शोधायला लागली. बाबांना विचारू का, म्हणाली. बाबा आधी नको म्हणाले, मला त्यातलं काय कळतं, पोरीचा वेळ कशाला वाया घालवू. शेवटी मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसले, चाळिशी पुसून, शेजारी वही घेऊन. पाऊण तास चाललं. तीन वेळा अडकले आणि तिन्ही वेळा तिला 'सॉरी बेटा' म्हणाले. तिनं तिन्ही जागा वहीत लिहून घेतल्या आणि त्यांना विचारलं, काका, इथे तुम्हाला काय दिसायला हवं होतं?